आईचा एनएलआर ५.६ आणि एसआयआय २९०० : घाबरायचं किती आणि बघायचं काय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ५८ वर्षांच्या, ओव्हरीचा कॅन्सर स्टेज ३सी, हाय ग्रेड सिरस, पोटात पाणी होतं, आधी तीन केमो मग ऑपरेशन असं ठरलंय आणि त्यातल्या दोन केमो झाल्यात. चुलतभावाने केमोच्या आधीच्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, शरीरातली सूज (आतला दाह) दाखवणारे तीन आकडे, एनएलआर ५.६, पीएलआर ३७९ आणि एसआयआय २९००, काढले आणि कुठलेतरी पेपर वाचून "कटऑफच्या कितीतरी वर आहे, सर्व्हायव्हल कमी असणार" असं फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळा झाला. मग दुसऱ्या केमोच्या सकाळी तोच एनएलआर १५ झाला, दहा दिवसांनी १.१ झाला, आणि आता तुम्ही विचारताय की यातला खरा कुठला आणि आईकडे वेळ किती आहे.

वेळ किती ते या आकड्यांवरून मला सांगता येत नाही. मी २२ वर्षं हेच काम करतेय, कॅन्सरच्या पेशंटना केमो देते, रोज पन्नासेक सीबीसी डोळ्याखालून जातात, आणि तरीही एका बाईच्या एका सीबीसीवरून तिचे महिने मोजून दाखवणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही. प्रश्न टाळतेय असं समजू नका, का सांगता येत नाही तेच खाली लिहितेय, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी भावाचं गणित तपासलं कारण बऱ्याचदा गडबड तिथेच असते. तुम्ही टाकलेल्या रिपोर्टमध्ये टोटल काउंट ९,८००, न्यूट्रोफिल ७८, लिंफोसाइट १४, मोनोसाइट ६, प्लेटलेट ५.२ लाख, हिमोग्लोबिन ९.६, अल्ब्युमिन ३.१ आणि सीआरपी (सूज असली की रक्तात चढणारं प्रोटीन) ४८ आहे. एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिंफोसाइट, टक्क्याला टक्क्याने भागलं तरी चालतं, ७८ भागिले १४ म्हणजे ५.६, बरोबर. पीएलआरला मात्र टक्के चालत नाहीत, तिथे लिंफोसाइटचा खरा काउंट लागतो, ९,८०० चे १४ टक्के म्हणजे १,३७२, प्लेटलेटला त्याने भागलं की ३७९ येतो. लोक सरळ ५.२ ला १४ ने भागतात आणि मग ०.३७ आला म्हणून पेढे वाटतात, भावाने तसं केलेलं नाही, हुशार आहे पोरगा. एसआयआय म्हणजे प्लेटलेट हजारांत घेऊन गुणिले एनएलआर, ५२० गुणिले ५.५७, साधारण २९००. तेही बरोबर. सीआरपी आणि अल्ब्युमिन एकत्र करून ग्लासगोवाल्यांनी केलेला एक स्कोअर आहे, सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर २ मार्क, आईंचे २ येतात, तो भावाने काढला नाही हे बरंच झालं. आणि एक सांगून ठेवते, काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात आणि काही पर डेसिलिटरमध्ये, आईंचा ४८ पर लिटर आहे, पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबने ४.८ दिला तर तो उतरला असं समजून नाचू नका, दोन्ही एकच.

म्हणजे गणित चोख आहे आणि आकडे खरंच चढे आहेत. ते चढतात का हे कळलं की निम्मी भीती जागेवर येईल.

कॅन्सरची गाठ एकटी बसून वाढत नाही, ती शरीराला सतत चेतवत राहते, एखादी जखम भरतच नाहीये असं शरीराला वाटत राहतं. फिर्शो नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १८६३ मध्येच गाठीत पांढऱ्या पेशी बघून जुनाट सूज आणि कॅन्सर यांचं नातं मांडलं होतं, तेव्हा विषय जुनाच आहे, नवीन फक्त भागाकार. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये या सगळ्याच्या मध्यभागी एक रसायन आहे, इंटरल्युकिन-६. गाठीच्या पेशी ते सोडतात, पोटातल्या पाण्यात तर ते भरपूर असतं. ते लिव्हरला जाऊन सांगतं की आणीबाणी आहे, मग लिव्हर सीआरपी बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन बनवणं कमी करतं. त्याच निरोपावरून लिव्हर थ्रोम्बोपॉयटिन जास्त सोडतं आणि बोन मॅरो प्लेटलेट वाढवतो. ही प्लेटलेटची साखळी अमेरिकेतल्या एम.डी. अँडरसनच्या टीमने २०१२ मध्ये नीट उलगडून दाखवली, ६१९ पेशंट घेतले होते आणि त्यातल्या ३१ टक्के बायकांचे निदानाच्या वेळी प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर होते. आईंचे ५.२ लाख आहेत, म्हणजे दर तीन बायकांत जवळपास एक जण या गटात असते, त्या काही जगावेगळ्या नाहीत. अशा बायकांचा आजार जास्त पसरलेला होता आणि सर्व्हायव्हलही कमी होतं हे त्याच अभ्यासात आहे, ते लपवत नाही. प्लेटलेट नुसते आजाराची खूण म्हणून वाढतात असंही नाही, ते गाठीच्या पेशींभोवती गोळा होऊन त्यांना इम्युनिटीपासून लपवतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, थोडक्यात आगीत तेल.

न्यूट्रोफिल हे शरीराचे पहिल्या फळीतले सैनिक, इन्फेक्शनला भारी, पण कॅन्सरमध्ये उलटे वागतात. पोटात आतड्यांपुढे चरबीची एक चादर लोंबते, तिला आम्ही ओमेंटम म्हणतो, ओव्हरीच्या कॅन्सरला तिथे घर करायला फार आवडतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की न्यूट्रोफिल तिथे आधीच जाऊन जाळी टाकतात आणि त्या जाळ्यात कॅन्सरच्या पेशी अडकून रुजतात. लिंफोसाइटचं काम याच्या विरुद्ध, कॅन्सर ओळखून मारणारे तेच. २००३ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या टीमने १८६ बायकांच्या गाठी तपासल्या, ज्यांच्या गाठीच्या आत टी लिंफोसाइट शिरलेले होते त्यांच्यापैकी ३८ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, ज्यांच्या गाठीत ते नव्हते त्यांच्यात ४.५ टक्के. केवढा फरक, नाही का. तेव्हापासून सगळ्यांना वाटायला लागलं की रक्तातले लिंफोसाइट मोजून हाच अंदाज स्वस्तात मिळेल. आता इथे एक पायरी गाळली जाते. गाठीच्या आत शिरलेला लिंफोसाइट आणि दंडातून काढलेल्या रक्तातला लिंफोसाइट यांचं नातं फार सैल आहे, रस्त्यावर पोलीस किती दिसतात त्यावरून घरात चोर पकडला गेला की नाही हे ठरवण्यासारखं.

तरीही रक्तातले हे भागाकार आणि सर्व्हायव्हल यांचा संबंध दिसतो, तो खोटा नाही. २००९ मध्ये कोरियातून एनएलआरवर पेपर आला, त्यांनी २.६ ही रेष धरली होती आणि वरच्या बायकांचं सर्व्हायव्हल कमी निघालं. त्यानंतर असे अभ्यास पावसाळ्यात छत्र्या उगवाव्या तसे उगवले, जास्त करून चीन, कोरिया, जपानमधून. सगळे एकत्र करून बघितलं तर एनएलआर चढा असलेल्या गटात मृत्यूचा धोका साधारण दीडपटीच्या आसपास दिसतो, कुठे थोडा कमी कुठे थोडा जास्त.

दीडपट ऐकून पोटात गोळा येतो मान्य आहे, पण हे गटाचं गणित आहे. शंभर बायका चढ्या एनएलआरच्या आणि शंभर उतरत्या एनएलआरच्या अशा दोन रांगा लावल्या तर पहिली रांग एकूण मागे पडते, पण पहिल्या रांगेतल्या कितीतरी जणी दुसऱ्या रांगेतल्या कितीतरी जणींपेक्षा जास्त जगतात, दोन्ही रांगा एकमेकींत चांगल्या मिसळलेल्या असतात. आई पहिल्या रांगेत आहेत एवढंच तुमच्या भावाला कळलंय. रांगेत त्या कुठे उभ्या आहेत ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही.

आणि ती रेष तरी कुठे पक्की आहे? एकाने २.६ धरली, दुसरा ३ धरतो, तिसरा ४, कुणी ५. असं का होतं माहितीये का, बहुतेक जण आपल्याच हॉस्पिटलच्या जुन्या फाइली काढतात, कॉम्प्युटरला सांगतात की अशी रेष शोध जिथे दोन गटांत फरक सगळ्यात जास्त दिसेल, आणि मग त्याच फाइलींवर दाखवतात की बघा किती फरक आहे. आधी बाण मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं. दुसऱ्या गावच्या पेशंटवर तीच रेष ठेवली की फरक आक्रसतो. शिवाय ज्यांचे निकाल काहीच आले नाहीत ते पेपर छापायला पाठवतच नाहीत. मार्करचे अभ्यास कसे लिहावेत, कटऑफ कसा ठरवला ते सांगावं, यासाठी रिमार्क नावाची नियमावली २००५ पासून आहे, ती किती जण पाळतात ते पेपर वाचताना कळतंच.

आजाराचा प्रकारसुद्धा एक नसतो. जपानमध्ये क्लिअर सेल नावाचा प्रकार आपल्यापेक्षा किंवा युरोपपेक्षा बराच जास्त आढळतो आणि तो इंटरल्युकिन-६ खूप सोडतो, रक्ताच्या गुठळ्याही त्यात जास्त होतात. तिथल्या मिश्र पेशंटवरची रेष उचलून इथल्या हाय ग्रेड सिरसच्या बाईला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा वेगळाच आहे, आजार जितका पसरलेला आणि पोटात पाणी जितकं जास्त तितके हे आकडे चढतात, मग आकडा काही नवीन सांगतोय की स्टेजच परत वाचून दाखवतोय? चांगले अभ्यास स्टेज, वय, ऑपरेशननंतर काय उरलं हे सगळं हिशोबात धरून मग बघतात, आणि तिथे या भागाकारांची भर असते पण छोटी. म्हणून माझ्या माहितीतला एकही ऑन्कोलॉजिस्ट एनएलआर बघून ओव्हरीच्या कॅन्सरची ट्रीटमेंट बदलत नाही, चढा असो की उतरता, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची केमो तीच, ऑपरेशन तेच.

आता तुमचे ते १५ आणि १.१. हे दोन्ही आकडे कचऱ्यात टाका, खरंच सांगते. दुसऱ्या केमोच्या सकाळचा रिपोर्ट न्यूट्रोफिल ९१ आणि लिंफोसाइट ६ आहे. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन येऊ नये म्हणून आदल्या रात्री आणि पहाटे डेक्साच्या गोळ्या दिल्या असणार, फाइलमध्ये बघा, असतीलच. डेक्सा म्हणजे स्टिरॉइड, ते घेतल्यावर काही तासांत रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिंफोसाइट रक्तातून उठून बोन मॅरो वगैरेकडे जातात, भागाकारातला वरचा आकडा वर आणि खालचा खाली, मग भागाकार १५ होणार नाही तर काय. आजार तिळभरही वाढलेला नसताना माझ्याकडे असे २० सुद्धा येतात. आणि दहा दिवसांनंतरचा १.१ म्हणजे केमोने मॅरो दाबला गेला, टोटल काउंट २,९००, न्यूट्रोफिल ४८ आणि लिंफोसाइट ४२. भाऊ म्हणाला ना की "एनएलआर नॉर्मल झाला, केमो लागू पडतेय"? लागू पडत असेलही पण या आकड्यावरून नाही. तेव्हा न्यूट्रोफिलचा काउंट १,४०० च्या आसपास होता, त्या दिवशी ताप आला असता तर रात्री दोन वाजता इमर्जन्सीला न्यायची पाळी असती, आणि ग्रुपवर मात्र अभिनंदन चाललेलं. पुढे कधी पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं तर न्यूट्रोफिल ३०-४० हजारांवरही जातात, तेव्हा परत एनएलआर काढायला बसू नका म्हणावं.

अभ्यासांत जो आकडा धरतात तो ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीचा, स्टिरॉइड नाही, ताप नाही, ताजं ऑपरेशन नाही अशा दिवसाचा. तो तुमच्याकडे ५.६ आहे, पण त्यालाही आपल्याकडच्या खाचाखोचा आहेत ज्या त्या पेपरांत फारशा येत नाहीत. आईंचं हिमोग्लोबिन ९.६ आहे, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ७२ दिसतोय, म्हणजे लोह कमी असायची दाट शक्यता, आणि लोहाची कमतरता एकटीसुद्धा प्लेटलेट चार-पाच लाखांवर नेते. आपल्या बायकांत हे इतकं सर्रास आहे की ५.२ लाखांतले किती कॅन्सरमुळे आणि किती वर्षानुवर्षांच्या ॲनिमियामुळे हे वेगळं काढणं मुश्किल. उलट बाजूने, पावसाळ्यात डेंग्यू झाला की प्लेटलेट धाडकन खाली येतात, तेव्हा पीएलआर सुंदर दिसेल. शिवाय कधीकधी जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये प्लेटलेट एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन ते कमी मोजतं, मग लॅबवाल्याला काचपट्टी बघायला सांगावी लागते. नमुना घेऊन आठ-दहा तास गाडीतून फिरवला तरी डिफरेन्शियल (पांढऱ्या पेशींची टक्केवारी) बिघडतं, तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून येणाऱ्या नमुन्यांत हे मी पाहिलंय.

टीबीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक चाळिशीतली बाई आली, पोट पाण्याने फुगलेलं, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये चढणारा रक्तातला मार्कर) सहाशेच्या वर, प्लेटलेट पाच लाखांवर, लिंफोसाइट कमी, सीआरपी चढा, घरच्यांनी तर कॅन्सर म्हणून नातेवाइकांना बोलावूनही घेतलं होतं. दुर्बिणीतून बायोप्सी घेतली तर पोटाचा टीबी. गोळ्या घेतल्या, बरी झाली, नंतर मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली. पोटाचा टीबी आणि ओव्हरीचा कॅन्सर रक्ताच्या आकड्यांवर हुबेहूब सारखे दिसू शकतात कारण सूज सूजच असते, तिला कारणाशी देणंघेणं नाही. आईंची बायोप्सी झालेली आहे, निदान पक्कं आहे, तिथे शंका घेऊ नका, हे फक्त आकडे किती भाबडे असतात ते कळावं म्हणून.

मग हा सीबीसी निरुपयोगी का? अजिबात नाही, भावाने चुकीची गोष्ट वाचली एवढंच. त्याच कागदावरून मी एक दुसरा स्कोअर काढते ज्यावर खरंच काही करता येतं, खोराना स्कोअर, २००८ चा, केमो घेणाऱ्या पेशंटच्या पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी व्हायचा धोका सांगणारा. गर्भाशय-ओव्हरीकडचा कॅन्सर असेल तर १ मार्क, केमोच्या आधी प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त असतील तर १, हिमोग्लोबिन १० च्या खाली तर १, टोटल काउंट ११ हजारांच्या वर तर १, बीएमआय ३५ किंवा वर तर १. आईंचे झाले ३, आणि ३ म्हणजे वरचा धोका, मूळ अभ्यासात अशांपैकी साधारण ७ टक्के लोकांना अडीचेक महिन्यांत गुठळी झाली. २ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्त पातळ ठेवायचं औषध द्यायचं का याचा विचार करतात, रक्तस्रावाचा धोका, किडनी, पुढे ऑपरेशन कधी आहे हे बघून. तुमच्या डॉक्टरांनी कदाचित विचार केलाही असेल, पण विचारा, "खोराना स्कोअर ३ येतोय, गुठळीसाठी काही द्यायचं का" असं सरळ विचारा, कुणी रागावणार नाही. मनाने ॲस्पिरिन मात्र सुरू करू नका, केमोत प्लेटलेट खाली गेले की रक्तस्राव व्हायचा.

हिमोग्लोबिन ९.६ आणि एमसीव्ही ७२ यावर लोहाची तपासणी करून शिरेतून लोह द्यायचं का तेही विचारा, ऑपरेशनच्या आधी रक्त जितकं बरं तितकं चांगलं. फेरिटिन (साठवलेल्या लोहाचं माप) एकट्याने बघू नका, सुजेमुळे ते खोटं चढलेलं दिसतं, सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन हवं.

अल्ब्युमिन ३.१ बद्दल. सगळे म्हणतात खायला घाला, वाढेल. खायला घालाच, रोज दोन अंडी, मुगाचं धिरडं, मासे चालत असतील तर मासे, ताक, शेंगदाण्याची चटणी, तोंडाची चव गेली असेल तर थोडं थोडं दिवसातून सहा वेळा, स्नायू टिकले पाहिजेत कारण ऑपरेशनला तेच कामी येतात. पण अल्ब्युमिनचा आकडा फक्त जेवणावर ठरत नाही, लिव्हरने आणीबाणीच्या निरोपामुळे उत्पादन कमी केलंय आणि पोटातल्या पाण्यातही ते वाहून जातंय, तेव्हा आजार आवरला की तो आपोआप चढतो, सावकाश, कारण अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्यच वीसेक दिवसांचं. सीआरपीचं एका दिवसाहूनही कमी, म्हणून तो पटकन हलतो. नातेवाईक अल्ब्युमिनची बाटली लावा म्हणून मागे लागतात, बाटली महाग, आकडा चार दिवस बरा दिसतो आणि परत जागेवर. पोटातून खूप पाणी काढताना वगैरे तिची जागा आहे, नुसता रिपोर्ट गोरा करायला नाही.

तसंच हळदीच्या कॅप्सूल, पपईच्या पानांचा रस, "सूज कमी करणारे" काढे. पपईच्या पानांचा रस लोक डेंग्यूत प्लेटलेट वाढवायला पितात, इथे प्लेटलेट आधीच चढलेत आणि शेजारच्या काकू तोच प्यायला सांगतायत, काय बोलायचं. आकडा खाली आणला म्हणजे आजार खाली आला असं होत नाही, हे कॅप्सूलवाल्यांनाच नाही तर आम्हा डॉक्टरांनाही शिकावं लागलं. इंटरल्युकिन-६ ला थेट अडवणारं सिल्टक्सिमॅब नावाचं अँटिबॉडी औषध ब्रिटनमध्ये प्लॅटिनमच्या (कार्बोप्लॅटिनसारख्या) केमोला दाद न देणाऱ्या ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये देऊन पाहिलं, २०११ चा अभ्यास, १८ पेशंट, एकीची गाठ कमी झाली आणि सात जणींत आजार काही काळ स्थिर राहिला. वाईट नाही पण ज्यासाठी एवढी आशा होती तसंही काही घडलं नाही.

आईंचं पुढे काय हे ज्यावर जास्त ठरणार आहे त्या गोष्टी तुमच्या प्रश्नात एका ओळीत आल्या आणि पुढे गेल्या, मी मात्र तिथेच थांबेन. पहिली म्हणजे ऑपरेशननंतर डोळ्याला दिसेल असा आजार मागे उरतो का. दिसेल असं काहीच उरलं नाही तर त्या बाईचं आणि मागे गाठी राहिलेल्या बाईचं भवितव्य यात जो फरक असतो त्यापुढे एनएलआर काहीच नाही. २००२ मध्ये जुन्या अभ्यासांतले पेशंटचे ८१ गट एकत्र केले होते, ६,८८५ पेशंट, त्यात नीट साफ ऑपरेशन झालेल्यांचं प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढलं की मीडियन सर्व्हायव्हल (निम्म्या पेशंट जितका काळ जगतात तो) साडेपाच टक्क्यांनी वाढताना दिसलं. म्हणून ऑपरेशन कोण करतंय, तो ओव्हरीच्या कॅन्सरची अशी ऑपरेशनं नेहमी करतो का, हे विचारायला लाजू नका. गावातल्या ओळखीच्या सर्जनकडे सोय पडते म्हणून करून घेतलेलं अर्धवट ऑपरेशन नंतर दुरुस्त करता येत नाही, असे पेशंट दर महिन्याला येतात आणि दर वेळी वाईट वाटतं.

दुसरी, सीए-१२५ किती वेगाने उतरतोय. तुम्ही लिहिलंय सुरुवातीला १,८४० होता, दुसऱ्या केमोच्या आधी ९१०. तिसऱ्या केमोच्या आधी परत होईल. पहिल्या १०० दिवसांतले निदान तीन आकडे आणि तारखा मिळाल्या की केलिम नावाचं एक माप काढता येतं, फ्रान्समधल्या लिऑनच्या टीमने बनवलंय, कॅल्क्युलेटर फुकट आहे. १ किंवा वर आला तर आजार केमोला चांगली दाद देतोय असं समजतात. हे मोठमोठ्या ट्रायल्सच्या डेटावर तपासलेलं आहे आणि मुख्य म्हणजे केमो सुरू झाल्यावर काय होतंय ते यात दिसतं, एका सकाळच्या फोटोपेक्षा व्हिडिओ बरा. भावाला आकडेमोडीची हौस आहे तर हे द्या त्याला, पण निकाल ग्रुपवर न टाकता डॉक्टरांना दाखवायचा.

तिसरी, बीआरसीए टेस्ट (आनुवंशिक दोष शोधणारी जनुकांची तपासणी) झाली का? तुमच्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही. हाय ग्रेड सिरसच्या प्रत्येक पेशंटची व्हायला हवी, घरात आधी कुणाला कॅन्सर असो नसो. बीआरसीएमध्ये दोष असलेल्या बायकांना केमो लागू पडल्यानंतर ओलापॅरिबच्या गोळ्या दोन वर्षं दिल्या तर सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या, गोळ्या न मिळालेल्यांत ४६.५ टक्के, सोलो-१ ट्रायलचे आकडे आहेत. कुठे हा फरक आणि कुठे ते भागाकार. गोळ्या महाग आहेत, स्कीममध्ये बसतं का, कंपनीचा पेशंट प्रोग्रॅम आहे का ते हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा, हाच विषय बसून बोलायचा आहे. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तो तुमचा आणि तुमच्या बहिणीचाही प्रश्न होतो, तेव्हा दोघींनी जेनेटिक काउन्सेलरकडे जायचं, टाळायचं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की दर आठवड्याला सीबीसी आणि सीआरपी करून एनएलआरवर लक्ष ठेवू का, एका लॅबचं पॅकेज आहे म्हणे. सीबीसी केमोच्या आधी होतोच आणि मध्ये डॉक्टर सांगतील तेव्हा, त्याच्यावर एकही जास्तीचा नको. आकड्यावर पहारा ठेवून काय मिळतं याचा एक अभ्यास २०१० मध्ये आला होता, सीए-१२५ वरचा. ट्रीटमेंट संपलेल्या ५२९ बायका, निम्म्यांना सीए-१२५ चढल्याबरोबर केमो दिली, निम्म्यांना त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाची केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली आणि जगण्यात फरक शून्य, उलट त्यांचे बरे दिवस लवकर संपले. सीए-१२५ सारख्या ओव्हरीच्या खास मार्करची ही गत, तर सर्दी झाली तरी हलणाऱ्या एनएलआरवर पैसे आणि झोप कशाला घालवता. त्या पैशांत आईंना डाएटिशियनकडे न्या.

गुरुवारी अपॉइंटमेंट आहे म्हणालात. जाताना केमोच्या आधीचा पहिला सीबीसी, सीए-१२५ चे सगळे रिपोर्ट तारखांसकट आणि बायोप्सीचा कागद घेऊन जा, गुठळी, लोह, बीआरसीए आणि ऑपरेशन कोण करणार एवढं विचारून घ्या. आणि मधल्या दिवसांत आईंचा एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर गुरुवारची वाट बघायची नाही, तसंच १००.४ च्या वर ताप आला तरी, रात्र असली तरी निघायचं.